आत्याचे गुण सात, वहिनीचे दोन

गेल्या वर्षी दिवाळी उरकून चार दिवस माहेरी राहिले होते, तासगाव तालुक्यात. द्राक्षबागेत डिपिंगची, म्हणजे घड औषधात बुडवण्याची घाई, त्यामुळे दिवसभर घरात आम्ही तिघीच: आत्या, वहिनी आणि मी. दुपारी आशाताई आली. तिच्या हातात फॉर्म होता, तिशीपुढच्या प्रत्येकाचा भरायचा असतो तो. वय किती, तंबाखू खाता का, दारू घेता का, कमरेचा घेर किती, अंगमेहनत किती होते, आईवडील-भावंडांत कुणाला बीपी, शुगर, हृदयाचं दुखणं आहे का. प्रत्येक उत्तराला गुण आणि शेवटी बेरीज. बेरीज चारच्या वर गेली की त्या माणसाला तपासणीला आधी न्यायचं.

आत्या सोप्यात भिंतीला टेकून बसली होती, मांडीशेजारी मिश्रीची डबी. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते: तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, चाळायची आणि ती पूड बोटाने दातांना, हिरड्यांना चोळायची. आमच्या भागात कितीतरी घरांत बायकांची सकाळ तिनेच होते. आत्या दिवसातून चारदा लावते आणि लावल्यावर बराच वेळ चूळ भरत नाही. तिची बेरीज झाली सात. वहिनीची दोन.

आत्याने आकडा ऐकला, डबीचं टोपण लावलं आणि म्हणाली, "आमची आय नव्वद वर्सं जगली. मरंपतोर मिश्री लावत हुती. तिला काय झालं?" वहिनी "माझं काही नाही ना, बरं झालं" म्हणत चहा ठेवायला उठली.

दोघींना आपापला आकडा मिळाला आणि दोघीही तपासणीला जायला तयार झाल्या नाहीत. आत्याने आकडा मानला नाही म्हणून, वहिनीने मानला म्हणून.

मी सांगलीत संख्याशास्त्र शिकवते. आकडा नीट सांगितला की माणूस त्याप्रमाणे वागतो, असं मी कितीतरी वर्षं धरून चालले होते. त्या दुपारनंतर या विषयावरचं संशोधन शोधून वाचायला लागले. ते वाचून जे कळलं ते इथे लिहिते आहे, कारण 'तुमचा कॅन्सरचा धोका जाणून घ्या' अशा जाहिराती आता आपल्या गावातही पोचल्या आहेत.

'तुमचा धोका' म्हणजे नेमकं काय

'तंबाखूने कॅन्सर होतो' हे सर्वांसाठीचं वाक्य झालं. 'तुमचं वय, तुमची सवय, तुमच्या घरातले आजार बघता तुमचा धोका अमुक आहे' हे एकाच माणसासाठीचं वाक्य. यालाच व्यक्तिगत धोक्याची माहिती म्हणायचं. ती आशाताईच्या फॉर्मसारखी साधी असते, संगणकावरच्या गणितासारखी असते किंवा रक्ताच्या-लाळेच्या नमुन्यावरून केलेल्या जनुक चाचणीसारखी महाग असते. स्तनाच्या कॅन्सरसाठीचं एक जुनं आणि गाजलेलं गणित अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतल्या मिचेल गेल यांनी १९८९ साली मांडलं. त्यात वय, पाळी कधी सुरू झाली, पहिलं मूल कितव्या वर्षी झालं, आधी गाठ तपासली आहे का, आई-बहीण-मुलगी यांपैकी किती जणींना हा आजार झाला, एवढ्यावरून पुढच्या काही वर्षांतला धोका काढतात. हे गणित मुळात अमेरिकेतल्या गोऱ्या बायकांच्या माहितीवर बेतलेलं आहे. त्यामुळे मोबाइलवर कुणी आपल्या बायकांचा 'अचूक' धोका काढून देत असेल, तर तो आकडा कुणाच्या माहितीवरून आला हे आधी विचारावं.

आकडा कळला तरी त्याचा अर्थ लावणं हे वेगळंच काम आहे. भारतात दर ९ माणसांत एकाला आयुष्यात कधीतरी कॅन्सर होण्याची शक्यता आहे, असा राष्ट्रीय कर्करोग नोंदणीचा अंदाज आहे. हे वाक्य ऐकून लोक घरातली माणसं मोजायला लागतात. पण हा हिशोब जन्मापासून चौऱ्याहत्तराव्या वर्षापर्यंतचा आहे, यंदाचा नाही. त्यात सगळ्या प्रकारचे कॅन्सर आले आणि तंबाखू खाणारे-न खाणारे सगळेच आले. 'किती जणांत किती' आणि 'किती वर्षांत' या दोन गोष्टी न सांगता दिलेला आकडा निव्वळ घाबरवतो.

'दुप्पट' हा शब्द तर फारच जपून वापरायला हवा. १९९५ च्या ऑक्टोबरमध्ये ब्रिटनमध्ये सरकारी इशारा निघाला की नव्या प्रकारच्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताची गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो. हजारो बायकांनी गोळ्या थांबवल्या. पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे १३,००० गर्भपात जास्त झाले. दुप्पट म्हणजे प्रत्यक्षात किती, तर ७००० बायकांत एकीच्या जागी दोघी. इशारा खोटा नव्हता, पण ७००० हा आकडा कुणी मोठ्याने सांगितला नाही.

मी वर्गात हे हळदी-कुंकवाच्या उदाहरणाने सांगते. संक्रांतीला शंभर बायका जमल्या आहेत असं धरा. आपल्या देशात दर २९ बायकांत एकीला आयुष्यात स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता, म्हणजे शंभरात तिघी-चौघी. आता दुसऱ्या घरी शंभर अशा बायका जमवा, ज्यांच्या आईला किंवा बहिणीला हा आजार झाला होता. जगभरातल्या ५० हून जास्त अभ्यासांची माहिती २००१ साली एकत्र केली, तेव्हा अशा एका जवळच्या नात्यामुळे धोका सुमारे १.८ पट होतो असं दिसलं. म्हणजे ढोबळ हिशोबाने या दुसऱ्या घरात सहा-सात जणी. उरलेल्या त्र्याण्णव जणी वाण घेऊन घरी जातात, त्यांना हा आजार कधीच होत नाही. तरीही पहिल्या घरापेक्षा इथे जास्त सावध राहायला हवं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि मनाला त्या एकत्र धरणं जड जातं. मन एकतर 'मला होणारच' म्हणतं नाहीतर 'मला काही होत नाही'.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची. स्तनाचा कॅन्सर झालेल्या नऊ बायकांपैकी आठ जणींच्या आई-बहीण-मुलीत तो कुणालाच झालेला नसतो. 'आमच्या घरात नाही' हे वाक्य म्हणूनच कुणाचं संरक्षण करत नाही.

जनुकातल्या बिघाडाचं गणित मात्र निराळं आहे. बीआरसीए-१ या जनुकात घातक बदल असेल तर ऐंशीव्या वर्षापर्यंत शंभरातल्या सुमारे ७२ बायकांना स्तनाचा आणि ४४ जणींना अंडाशयाचा कॅन्सर होतो, असं २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात आढळलं. तीही माहिती मुख्यतः युरोपीय वंशाच्या घराण्यांची. असा बदल फार थोड्या लोकांत असतो. एकूण कॅन्सरपैकी आनुवंशिक म्हणावेत असे ५ ते १० टक्केच. मे २०१३ मध्ये अँजेलिना जोली या अभिनेत्रीने आपल्यात हा बदल असल्याचं आणि दोन्ही स्तन काढून घेतल्याचं जाहीर केलं. त्यानंतरच्या १५ कामाच्या दिवसांत अमेरिकेत या चाचण्या ६४ टक्क्यांनी वाढल्या. तिची गोष्ट माहीत असलेल्या अमेरिकनांना विचारलं, तेव्हा तिचा धोका आणि साध्या बाईचा धोका यांतला फरक नीट सांगता येणारे दहांत एकापेक्षाही कमी निघाले. गोष्ट सगळ्यांपर्यंत पोचली. आकडा पोचला नाही.

आत्या असं का म्हणाली

आत्या अडाणी नाही. मिश्री वाईट हे तिला पक्कं माहीत आहे. नातीने डबीला हात लावला तर ती डबी उचलून वर फळीवर ठेवते. मग स्वतःचा आकडा ती का झटकते?

झिवा कुंदा या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही लोकांना एक लेख वाचायला दिला. कॉफीतल्या कॅफिनमुळे बायकांच्या स्तनात गाठी होण्याचा आणि पुढे कॅन्सरचा धोका वाढतो, असं त्यात म्हटलं होतं. वाचून झाल्यावर विचारलं, हे पटतं का? कमी कॉफी पिणाऱ्या बायकांना पटलं. पुरुषांना पटलं, कारण त्यांना त्याचं काही वाटायचं नव्हतं. फार कॉफी पिणाऱ्या बायकांना मात्र लेखातला पुरावा कच्चा वाटला. लेख एकच होता. ज्यांना तो लागू होता त्यांनीच त्यात खोट काढली.

आत्याच्या तोंडून आजीचं नव्वद वर्षांचं आयुष्य निघालं ते तसंच. आपल्याकडे प्रत्येक घराला असे एक आजोबा किंवा एक आजी असते. ती खरी असते, प्रेमाची असते, आणि शेकडो आकड्यांपेक्षा वजनदार असते, कारण तिला आपण डोळ्यांनी पाहिलेलं असतं. जे तंबाखूने लवकर गेले त्यांच्याबद्दल सोप्यात बसून कुणी बोलत नाही. ते 'कसल्याशा दुखण्याने' गेलेले असतात.

यात भीतीचाही भाग आहे, आणि तो मला आत्यापाशी बसल्यावर कळला. रात्री अंथरुणावर पडल्यावर ती मला म्हणाली, "तपासलं आन् निघालं तर? मग काय करायचं?" दुपारची आजी हे वरचं झाकण होतं. त्याच्या खाली हा प्रश्न होता, आणि आशाताईच्या फॉर्ममध्ये त्याला रकाना नव्हता.

मग आकडा सांगून काही होतं का

होतं, पण ज्याची आपण वाट बघतो ते होत नाही. २०१६ साली केंब्रिज विद्यापीठातल्या टेरेसा मार्टो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८ प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला. त्यांत लोकांना जनुकांवरून काढलेला स्वतःचा आजाराचा धोका सांगितला होता, काहींत कॅन्सरचा. सिगारेट सुटली का? आहार बदलला का? व्यायाम वाढला का? दारू कमी झाली का? उन्हापासून अंग झाकायला लागले का? तपासणीला गेले का, औषध घेतलं का? कशातही लक्षात घ्यावा असा फरक दिसला नाही. पण त्याच आढाव्यात असंही दिसलं की आकडा कळल्याने लोक खचले नाहीत, त्यांचं नैराश्य किंवा चिंता वाढली नाही. हे वाक्य आपल्याकडच्या घराघरांत सांगायला हवं, त्याच्याकडे पुढे येते.

आकड्याचा खरा उपयोग २०१३ सालच्या एका आढाव्यात दिसतो. कॅन्सरसारख्या आजाराच्या तपासणीबद्दल लोकांना त्यांचा स्वतःचा धोका सांगून काय होतं, हे त्यात ४१ अभ्यासांतून पाहिलं होतं. तपासणीला जाणारे थोडेसेच वाढले. पण ज्या तीन अभ्यासांत 'निर्णय समजून घेतला का' हे मोजलं होतं, तिथे स्वतःचा आकडा मिळालेल्या शंभरातल्या ४५ जणांनी समजून-उमजून निर्णय घेतला, इतरांत शंभरातल्या २० जणांनी. आपल्या शरीराबद्दलची गोष्ट आपल्याला समजलेली असावी, हा प्रत्येकाचा हक्क आहे. वागणं बदलो वा न बदलो, मी याला फार मोल देते. फक्त हे आणि वागणं बदलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कार्यक्रम आखणाऱ्यांनी विसरू नये.

वागणं कशाने बदलतं याचं उत्तर मला एका साठ वर्षं जुन्या प्रयोगात आणि आमच्याच बागेत सापडलं.

१९६५ साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठात हॉवर्ड लेव्हेंथॉल आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना धनुर्वाताबद्दल पत्रकं दिली. काही पत्रकांत भयानक फोटो, काहींत साधी माहिती. फोटो पाहिलेले जास्त घाबरले, लस घ्यायला हवी असंही जास्त म्हणाले. प्रत्यक्ष लस मात्र घाबरलेल्यांनी जास्त घेतली नाही. फरक दुसऱ्याच गोष्टीने पडला. काही जणांना पत्रकासोबत विद्यापीठाचा नकाशा दिला होता, त्यावर दवाखान्याला गोल केलेला, लस मिळण्याच्या वेळा लिहिलेल्या, आणि आठवड्यातल्या कोणत्या दिवशी तिकडून जाणं होईल ते ठरवायला सांगितलेलं. नकाशावाल्यांपैकी २८ टक्क्यांनी लस घेतली, इतरांपैकी ३ टक्क्यांनी. सगळे शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी होते. दवाखाना कुठे आहे हे त्यांना आधीच माहीत होतं.

आता माझा भाऊ बघा. मोबाइलवर उद्या पावसाची शक्यता ४० टक्के असं आलं की तो पहाटे चारला ट्रॅक्टरला औषध फवारायचा ब्लोअर जोडतो. शक्यता म्हणजे काय हे त्याला मी शिकवायला गेले नाही. चाळीस टक्के म्हणजे पाऊस न येण्याचीच शक्यता जास्त, तरी तो 'माझ्या बागेत नाही येणार' म्हणत नाही. 'आमच्या आज्ज्याच्या बागेला कधी डावणी आली नाही' असंही म्हणत नाही (डावणी म्हणजे द्राक्षावरचा बुरशीचा रोग). कारण त्या आकड्याला पुढचं काम जोडलेलं आहे. कोणतं औषध, टाकीला किती, पंप कुठे, किती वाजेपर्यंत उरकायचं, सगळं ठरलेलं असतं. डावणी आली तर काय करायचं, हेही त्याला माहीत आहे. म्हणून तो घाबरत नाही, हलतो. आत्याच्या सात या आकड्याला पुढचं काहीच जोडलेलं नव्हतं. होता तो रात्रीचा प्रश्न.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी आकड्याचं नाव काढलं नाही. आशाताईला फोन करून विचारलं की तोंड कोण तपासतं, कधी, किती वेळ लागतो. उपकेंद्रात बुधवारी, दहा ते एक. दहा मिनिटांचं काम. सुई नाही, पैसे नाहीत. टॉर्चच्या उजेडात गाल, हिरड्या, जीभ, जिभेखालची जागा बघतात. काही दिसलंच तर मिरजेला पाठवतात, छोटा तुकडा काढून तपासतात. पांढऱ्या चट्ट्याच्या पायरीवर सापडलं तर बहुतेक वेळा कॅन्सर झालेलाच नसतो. त्याच्या पुढे गेलं असलं तरी सुरुवातीला छोट्या शस्त्रक्रियेवर भागतं, आणि त्यासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे. "आन् निघालं तर?" या प्रश्नाचं उत्तर मी तिला एवढंच, पण पूर्ण दिलं. बुधवारी भाऊ औषधं आणायला पिकअप काढणारच होता.

तोंडाच्या या साध्या तपासणीचं मोल मोजलेलं आहे. केरळात तिरुवनंतपुरमला १९९६ पासून आरोग्य सेवकांनी घरोघर जाऊन लोकांची तोंडं अशीच तपासली. तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाल्याचं २००५ साली जाहीर झालं. म्हणजे सातचा आकडा ज्यांना मिळतो, त्यांनाच टॉर्चचा सर्वांत जास्त फायदा.

आत्याच्या खालच्या ओठाच्या आत, जिथे मिश्री साचते तिथे, पांढरा चट्टा निघाला. अंगठ्याच्या नखाएवढा, चोळून न जाणारा. मिरजेला तुकडा तपासला, कॅन्सर नव्हता. डॉक्टरांनी तिला आरसा दाखवला आणि स्वतःचा चट्टा बघायला लावला. मिश्री सोडायला सांगितली, दर सहा महिन्यांनी यायला सांगितलं. ती पूर्ण सुटलेली नाही. चारची एकदा झाली आहे. तंबाखूच्या पुडीवर छापलेला १८००-११-२३५६ हा सोडायला मदत करणारा फुकटचा नंबर भावाने तिला लावून दिला होता, ती दोनदा बोलली.

आरशाचा परिणाम मला वाटला होता त्यापेक्षा जास्त झाला. २००८ साली इंग्लंडमध्ये ५६१ सिगारेट ओढणाऱ्यांवर केलेला एक प्रयोग वाचल्यावर त्याचं कारण थोडं कळलं. सर्वांच्या फुप्फुसांची तपासणी झाली. निम्म्यांना निकाल 'तुमच्या फुप्फुसाचं वय इतकं' अशा भाषेत सांगितला, उरलेल्यांना कोरडा आकडा. वर्षभराने पहिल्या गटातल्या १३.६ टक्के लोकांची सिगारेट सुटलेली होती, दुसऱ्यातल्या ६.४ टक्के लोकांची. ज्यांचं फुप्फुस चांगलं निघालं त्यांचीही तितकीच सुटली. म्हणजे वाईट बातमीच लागते असं नाही. शरीरातली गोष्ट समजेल अशा भाषेत आणि जमलं तर डोळ्यांसमोर आली पाहिजे. तरीही शंभरातले शहाऐंशी जण ओढतच राहिले. व्यसन हे माहितीच्या कमतरतेचं नाव नाही, त्याला औषध आणि आधार दोन्ही लागतात.

एक गोष्ट आपल्याच राज्यातली. १९९९ साली तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाने आणि टाटा मेमोरियलने एक मोठा अभ्यास सुरू केला. सुमारे १,३१,००० बायका, ३० ते ५९ वयाच्या, ५२ गटांत विभागलेली गावं. आरोग्य सेविका घरोघर गेल्या, गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर म्हणजे काय ते बसून सांगितलं, गावातच तपासणीची सोय केली. कुणाचाही वेगळा धोका काढला नाही, कुणाला गुण दिले नाहीत. बोलावलेल्या दहांतल्या जवळजवळ आठ जणी आल्या. हा कॅन्सर घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूची एकदाच केलेली तपासणी त्याचे मृत्यू निम्म्यावर आणते, असं २००९ साली त्यातून निघालं आणि जगाने त्याची दखल घेतली. याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा: २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, देशातल्या ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी एकदा तरी झालेल्या होत्या १.९ टक्के. बायका येत नाहीत, त्यांना समजत नाही, असं यापुढे कुणी म्हटलं की मला धाराशिवच्या त्या दहांतल्या आठ जणी आठवतील.

वहिनीचे दोन गुण

आता वहिनी. तिची गोष्ट मला जास्त लागली.

कमी आकड्याचं हेच भय असतं. 'दोन' म्हणजे तपासणी नको असं फॉर्म कुठेही म्हणत नाही. गुण फक्त आधी कुणाला न्यायचं ते ठरवायला आहेत. तिशीपुढच्या प्रत्येक बाईची स्तनाची आणि गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी व्हायचीच असते. पण कानाला 'दोन' लागला की मन मोकळं होतं. शिवाय फॉर्ममध्ये घरातल्या बीपी-शुगर-हृदयाचं विचारलेलं आहे. कॅन्सरचं विचारलेलं नाही.

विचारलं असतं तरी वहिनीने 'नाही' म्हटलं असतं. तिचं माहेर साताऱ्याकडचं, कोरेगावचं. ती बारा-तेरा वर्षांची असताना तिची आई काविळीने गेली, असं तिला घरातल्यांनी सांगितलेलं. लग्नात, बाळंतपणात, डॉक्टरांनी विचारल्यावर, सगळीकडे तिने हेच सांगितलं. या मे महिन्यात ती माहेरी गेली आणि आत्याच्या तुकड्याची गोष्ट तिने मामांना सांगितली. मामा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तुझ्या आईला पण मिरजेलाच नेलं होतं." स्तनाची गाठ होती. यकृतापर्यंत पसरली, त्याने कावीळ झाली. काविळीने गेली हे खोटं नव्हतं. त्याच्या आधीचं सांगितलं नव्हतं.

मामांचा हेतू वाईट नव्हता. लहान पोर, पुढे लग्न व्हायचं, 'घराण्यात तसलं दुखणं' असं गावात झालं तर? आपल्याकडे हा शब्द गिळण्याची रीतच आहे. आजारी माणसाला सांगत नाहीत, मुलांना सांगत नाहीत, सोयरिकीत तर मुळीच नाही. मी स्पष्टच म्हणते, ही माया पुढच्या पिढीला महाग पडते. कळल्याने माणूस मोडतो हा समज आहे. वर सांगितलेल्या आढाव्यात तसं दिसलं नाही. वहिनी रडली, दोन दिवस. ती आईसाठी रडली, धोक्यासाठी नाही. तिसऱ्या दिवशी तिने मला फोन केला. तिचे प्रश्न सगळे व्यवहाराचे होते. कुठे दाखवायचं? काय विचारायचं? मुलीला आत्ता काही करायचं का?

आई ४१ व्या वर्षी आजारी पडली, हे वय महत्त्वाचं आहे. इतक्या कमी वयात झालेला स्तनाचा कॅन्सर असला की जनुकांबद्दलचा सल्ला घ्यावा असं डॉक्टर म्हणतात. चाचणी शक्यतो आधी आजारी व्यक्तीची करतात. ती हयात नसेल तर मुलीची करायची का, निकालाचा अर्थ काय काढायचा, हे समुपदेशकासोबत बसून ठरवतात. वहिनीची मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे, कधीपासून, किती वेळाने, हेही तिथेच ठरेल. मुलगी दहा वर्षांची आहे, तिचं आत्ता काही करायचं नाही. निकाल चांगलाही येईल. मी तिला हळदी-कुंकवाच्या शंभर बायका सांगितल्या, त्यातल्या त्र्याण्णव आधी सांगितल्या. मग म्हटलं, पण वहिनी, जाऊया.

जूनच्या सुरुवातीला मामांनी पेटीतली फाइल पाठवून दिली. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली, कडा पिवळ्या पडलेल्या. वरच्या कागदावर आईचं नाव, वय ४१, खाली तुकड्याच्या तपासणीचा टाइप केलेला निकाल. वहिनीने एकेक पान ओट्यावर पसरून मोबाइलवर फोटो काढला. मग स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयाशी गेली. जूनच्या १८ तारखेच्या चौकटीत भावाने डिसेंबरपासूनच्या हिशोबाने 'आत्या, मिरज' असं लिहून ठेवलं होतं. तिने पेन घेऊन त्याच चौकटीत खाली आपलं नाव लिहिलं. आत्या दारात उभी होती. म्हणाली, "सकाळच्याला लवकर निघू. फाइल इसरू नगं."